हात वर, पाय आत

माझं लग्न हुतुतूच्या मैदानावर मोडलं असं मी सांगते तेव्हा घरातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसतात. हसा बाप्पा, तुमचे दिवस आहेत. पण मोडलं ते खरंच तिथे, अकोल्याला, शाळेमागच्या काळ्या मातीच्या पटांगणात, अर्ध्या गावासमोर. आणि मोडणारा माणूस माझा बाप होता.

बाबा शाळेत मास्तर होते. आम्ही जठारपेठेत भाड्यानं राहायचो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे नागपूरकडचे संघ आमच्याकडे खेळायला यायचे आणि आमचे तिकडे जायचे. दर गावाची हुतुतूची रीत वेगळी. कुणाकडे दम तुटला की गडी बाद, कुणाकडे दुसरा दम घेतला तरी चालायचं. सामना घटकाभर आणि भांडण दिवसभर. शेवटी चार गावच्या आखाडेवाल्यांनी मिळून बाबांना गळ घातली, "मास्तर, तुमीच लिहा एकदाचे नियम. तुमचं सारे ऐकतेत." बाबांनी मनावर घेतलं. शाळा सुटली की मैदानात जायचे, खेळणाऱ्यांशी बोलायचे, घरी येऊन लिहायचे. मी मॅट्रिक होऊन लग्नाची वाट पाहत घरात बसलेली. अक्षर बरं, म्हणून छापायला द्यायची स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. सगळी कलमं मला पाठ झाली होती.

त्यात एक कलम बाबांना फार आवडायचं. पंचाने बाद म्हटल्याशिवाय कोणीही बाद नाही. या एका वाक्यानं निम्मी भांडणं मिटतील, असं ते म्हणायचे.

आता आमच्याकडची रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मैदानाची हद्द राखेनं किंवा चुन्याच्या फक्कीनं आखायचे. काळी माती, त्यावर उड्या मारणारे गडी, रेघ थोड्या वेळात पुसट व्हायची. पंच एकटा, तो कुणाकुणाच्या पायाकडे बघणार? म्हणून ज्याचा पाय हद्दीबाहेर पडला त्यानं स्वतःच हात वर करायचा आणि मान खाली घालून कडेला थांबायचं. हात वर गेला म्हणजे तो गडी संपला, त्यानं कुणाला धरायचं नाही. चढाईला आलेला गडीही मग त्याच्याकडे बघत नसे. खेड्यापाड्यात हे कुणी शिकवायचं नाही, पोरं ते बघूनच शिकायची.

प्रत करताना मी विचारलंही होतं, "बाबा, हात वर कराचं कलम कुठं आहे?"

"ते कायले लिहाचं? ते तं साऱ्यायलेच माहीत आहे," बाबा म्हणाले.

त्याच सुमारास अमरावतीहून माझ्यासाठी स्थळ आलं. वकिलाचं घर, मुलगा कॉलेजात शेवटच्या वर्षाला, पुढे नागपूरला कायदा शिकायला जाणार. पत्रिका गेली, त्यांच्या जोशीबुवांनी बघितली, उत्तम जुळते असा निरोप आला. आईनं देवापुढे साखर ठेवली. मुलगा कॉलेजच्या हुतुतू संघाचा कप्तान होता आणि त्यांचा सामना अकोल्याच्या संघाशी, अकोल्यातच व्हायचा होता. तेव्हा असं ठरलं की तो संघाबरोबर येईल, त्याचे मामाही येतील, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी बघून अमरावतीला परततील. एका तिकिटात दोन कामं. आणि सामन्याचे पंच कोण, तर बाबा. दुसरं कुणी नियम कोळून प्यालेलंच नव्हतं.

बाबांना ते अवघड वाटत होतं. "लोक म्हणतील, जावयाच्या सामन्याले सासरा पंच." आईनं उडवून लावलं. "अजून साखरपुडा नाही झाला, आन चालले सासरे व्हायले!"

सामना बघायला आम्ही बायका शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. मला सगळा खेळ दिसत होता, आणि खरं सांगते, मी बघत होते त्यालाच. उंच, सावळा, हसरा. खेळताना अंगात वारं भरल्यासारखा. अकोल्याकडून चढाईला येणारा एक कुणब्याचा मुलगा होता, जवळच्याच खेड्यातला. नांगर धरून दंड झालेले, आणि दम असा की सुटता सुटत नसे. गाव त्याच्यावर जीव टाकायचं.

शेवटी गुण बरोबरीत आले. कॉलेजकडे दोनच गडी उरले, हा आणि आणखी एक. अकोल्याचा तो गडी शेवटच्या चढाईला आत शिरला. हुतुतू, हुतुतू, सगळं पटांगण गप्प. कप्तान मागे सरकत सरकत हद्दीच्या रेघेपाशी गेला, जरासा डगमगला, खाली बघितलं, आणि त्यानं हात वर केला. मान खाली घातली. अगदी आमच्या रीतीप्रमाणे. चढाईवाल्यानं ते बघितलं आणि त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या गड्यावर गेला. तेवढ्यात ह्यानं मागून झेप घेतली, कमरेला मिठी मारली आणि त्याला मातीत पाडलं. दम तुटला.

बाबांची शिट्टी वाजायला वेळ लागला. ते मधल्या रेघेवर उभे होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. कप्तानाचा पाय आत होता. मी बघितला होता, बाबांनीही बघितला होता. पाय बाहेर गेलाच नव्हता, म्हणून बाबांनी त्याला बाद म्हटलं नव्हतं. आणि बाद म्हटलं नव्हतं म्हणजे तो खेळातच होता.

चढाईवाला उठून त्यांच्यापुढे आला. कपाळाला माती. "मास्तर, त्यानं हात वर केला होता न जी," तो म्हणाला. भांडत नव्हता, नुसतं सांगत होता.

"केला होता," बाबा म्हणाले. "पण पाय आत होता. तू बाद."

कॉलेज जिंकलं. मग जो गलका उठला तो काय सांगू! माती काय फेकली, शिव्या काय दिल्या. आणि त्या गलक्यातून कुणीतरी ओरडलं, "जावयाले जितवलं मास्तरनं!" मग सगळेच ओरडायला लागले. पंधरा वर्षं ज्या गावानं बाबांना मास्तर म्हणून रस्त्यात वाट दिली, ते गाव. चढाईवाला मात्र ओरडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "आता कोणाच्या हाताकडं पाहाचं जी?" 

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-भाचे ठरल्याप्रमाणे आले. घरी आलेल्याला परत कसं पाठवायचं? बाबा समोर बसून सुपारी कातरत राहिले. शेवटी मुलानंच विषय काढला. "मास्तर, कालचं नियमात बसत नसतं तर तुम्ही दिलंच नसतं ना?"

"बसत होतं म्हणूनच दिलं," बाबा म्हणाले.

"मी बाद झालो असं मी कुठं म्हटलं? हातच वर केला. हात वर करू नये असं नियमात नाही. तुम्ही कलम घाला, मी पुढच्या सामन्यापासून पाळीन."

मामांना ते फार आवडलं. "वकिलाचं पोरगं आहे, मास्तर!" म्हणून ते मोठ्यानं हसले. बाबा हसले नाहीत. मला मग बाहेर बोलावलं. मामांनी ठरलेले प्रश्न विचारले, स्वयंपाक, शिवण, शिक्षण. मुलानं एकच विचारलं, "काल सामना पाहिला?"

"पाहिला. तुमचा पाय आत होता," मी म्हटलं. आईनं आतून बांगड्या वाजवल्या, म्हणजे गप्प बस. तो हसला, माझ्याकडे नीट बघून हसला. मला तो आवडला. आज या वयात सांगायला मला कसली लाज? मला तो फार आवडला. त्याच्या डोक्यात गंमत होती, आणि ती मला कळली हे त्यालाही कळलं होतं.

ते गेल्यावर बाबांनी मला दौत-टाक आणायला सांगितलं आणि नवं कलम सांगितलं. बाद नसताना बाद झाल्याची खूण करणारा गडी बादच धरावा. मी लिहिलं. मग विचारलं, "बाबा, मग कालचा सामना?"

"कालच्याले हे नाही लागत. नियम झाल्यापासून पुढं," ते म्हणाले.

चारेक दिवसांनी मध्यस्थाच्या हाती वकिलांच्या घरी बाबांचा निरोप गेला. पत्रिका जुळत नाही.

आमच्या लोकांत नकार द्यायची ही एकच रीत. मुलगी काळी वाटली, मुलाचा बाप कजाग वाटला, घर आवडलं नाही, कारण काहीही असो, सांगायचं एवढंच, पत्रिका जुळत नाही. त्यात कुणाचा अपमान नाही, सगळा दोष ग्रहांवर. ऐकणाऱ्यालाही खरं माहीत असतं, तो मान डोलावतो आणि दुसरं घर बघतो. आई मला समजवायला आली, "असंच सांगत असतेत बाई. वाईट नको वाटून घेऊ." मला वाईटच वाटलं होतं. मी न्हाणीत जाऊन रडले, पाण्याचा आवाज होऊ देत. बाबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या काळी मुलीनं स्वतःच्या लग्नाबद्दल बापाला विचारणं म्हणजे आकाशाला हात घालणं.

पण एक गोष्ट बाबांच्या ध्यानात आली नव्हती. पत्रिका जुळत नाही असं सांगायची मुभा असते ती जुळते असा निरोप यायच्या आधी. इथे तर मुलाकडच्या जोशीबुवांनी बघून, उत्तम जुळते म्हणून सांगून झालं होतं. आता मुलीकडूनच न जुळण्याचा निरोप आला म्हटल्यावर वकिलांनी जोशीबुवांना धरलं. जोशीबुवांच्या पोटावर पाय! त्यांनी डोकं खाजवलं आणि तोड काढली. म्हणाले, मास्तर सज्जन माणूस. मुलीच्या जन्मवेळेत काहीतरी दडलेलं असणार, कडक मंगळ असणार, आधी झाकला, मग मन खायला लागलं म्हणून स्वतःच मागं सरले. वकिलांना हे पटलं. का नाही पटणार? चांगलं स्थळ कोण आपणहून सोडतं?

आम्हाला याचा पत्ता नव्हता. बाबा दुसरीकडे पत्रिका पाठवत राहिले. अमरावतीला, अंजनगाव सुर्जीला, भातकुलीच्या एका पटवाऱ्याकडे. सगळीकडून परत आली. सगळीकडून एकच निरोप, पत्रिका जुळत नाही. आईनं सोळा सोमवार धरले. माझ्या मागच्या दोन मैत्रिणींच्या पोरांची बारशी झाली. धाकट्या बहिणीला बघायला लोक यायला लागले तेव्हा मला आतल्या खोलीत बसवायचे, कारण थोरली बिनलग्नाची दिसली की प्रश्न निघायचे. मी तिथे धान्य निवडत बसायचे आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकायचे. मग मीच म्हटलं, मी शिकवते. मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी जायला लागले.

तीन-चार वर्षांनी एका मुंजीत अमरावतीची लांबची मावशी भेटली. जेवणं झाल्यावर माझी हनुवटी धरून म्हणाली, "अव माय, एवढी लाखमोलाची पोर, आन कायचा मंगळ घेऊन जन्मली!" आईच्या हातातलं तबक खाली पडायचंच बाकी होतं. माझ्या पत्रिकेत मंगळ नव्हता. हळूहळू मावशीकडून सगळं बाहेर आलं, जोशीबुवा काय म्हणाले, वकिलांनी कुणाला सांगितलं, ते कुठवर गेलं. अकोल्याला येईस्तोवर मी आगगाडीत एक अक्षर बोलले नाही.

घरी आल्यावर मात्र बोलले. बाबा पाटावर बसले होते, तिथेच जाऊन उभी राहिले.

"बाबा, त्या सामन्याले नवं कलम लागत नाही म्हटलं होतं न तुमी? मंग त्या माणसाले कसं लावलं?"

बाबांनी वर बघितलं.

"त्यानं एकदा खोटा हात वर केला, मैदानात, खेळात. तुमी काय केलं? पत्रिका जुळते हे माहीत असून नाही म्हणून सांगितलं. ते रीतीत बसते म्हणून सांगितलं. त्याचंही नियमात बसतच होतं."

"हळू बोल," आई म्हणाली. मी काही हळू बोलले नाही.

"आन त्याच्या डावाचाही तुमाले एवढा राग नव्हता. लोक ओरडले जावयाले जितवलं म्हणून, ते तुमाले लागलं. तुमी जावईच नाही होऊ दिला, म्हणजे गाव गप्प. तुमची अब्रू राहिली बाबा. माही काय राहिली?"

असं मी माझ्या बापाशी त्याआधी कधी बोलले नव्हते. ते रागावतील, हात उगारतील, असं वाटलं होतं. त्यांनी ताट सरकवलं आणि उठले. बराच वेळ ओसरीत बसून राहिले. मग आत येऊन आईला म्हणाले, "सकाळच्या गाडीनं अमरावतीले जातो."

बडनेऱ्याला गाडी बदलून ते थेट वकिलांच्या घरी गेले. तिथे काय झालं ते त्यांनी आल्यावर जसं सांगितलं तसं सांगते. वकिलांची पक्षकार मंडळी बसली होती, त्यांच्यासमोरच बाबा म्हणाले, पत्रिका जुळत होती, माझ्या मुलीत काही खोट नाही, मी खोटं सांगितलं. वकील म्हणाले, मग नकार का दिला? बाबांनी खरं कारण सांगितलं, गावाचं बोलणं सहन झालं नाही हेही सांगितलं. वकिलांनी चहाचंही विचारलं नाही. मुलगा तिथेच होता, आता त्याचंही लग्न होऊन एक मूल झालेलं. तो बाबांना फाटकापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "मास्तर, माझा राग आला होता तर मला सांगायचं होतं. मी तुमच्या त्या गड्याची माफी मागितली असती." मग बाबा जोशीबुवांकडे गेले, त्यांच्याशीही तेच बोलले.

हे सगळं सांगून बाबा भिंतीला टेकून बसले. मी त्यांना पाणी दिलं. माझा राग गेला नव्हता, पण त्यांची दया आली. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात होत्या आणि मी त्यातली एकही लपवली नाही.

खरी गोष्ट हळू चालते. पण चालली. वर्षभरानं अंजनगाव सुर्जीहून, ज्यांनी पूर्वी पत्रिका परत पाठवली होती त्याच घराकडून निरोप आला. त्यांचा मधला मुलगा, दवाखान्यात कंपाउंडर, स्वभावानं गरीब. पत्रिका जुळते, देणंघेणं काही नको. आईचे डोळे भरून आले. बाबा तर पोरासारखे घरभर फिरायला लागले.

मी दोन दिवस विचार केला. माणसाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण शाळेत चौथीच्या पोरी माझी वाट बघायच्या, सकाळी मी निघाले की मला कुठेतरी जायचं असायचं, आणि आतल्या खोलीत धान्य निवडत बसलेली ती मुलगी मला पुन्हा व्हायचं नव्हतं, ना माहेरात ना सासरात. मी बाबांना म्हटलं, "मले नाही कराचं लग्न."

बाबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बरं. मंग त्यायले काय सांगू?" आणि सवयीनं त्यांच्या तोंडी आलंच, "पत्रिका..."

"नाही," मी म्हटलं. "पत्रिकेचं नाव नका घेऊ. सांगा, पत्रिका जुळते, मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. मुलगी नाही म्हणते."

"असं कोणी सांगते काय?" आई घाबरून म्हणाली. "शेण घालतीन तोंडात. मुलगी नाही म्हणते!"

बाबा दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं अंजनगावला गेले. मी शाळेत होते, पण फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. दिवस मावळायच्या सुमारास ते परतले. धुळीनं पांढरे झालेले. आई दारातच उभी, विचारायचीही तिला भीती. शेवटी मीच विचारलं, "काय म्हणाले?"

बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"जे सांगितलं होतं तेच शब्द म्हटले," ते म्हणाले. "मुलगी नाही म्हणते. त्यायले वाईट वाटलं.  मंग म्हातारा म्हणे, बरं झालं मास्तर, सांगितलं. आन चहा पाजला."

मी स्वयंपाकघरात गेले, चुलीपुढे बसले आणि ऊर फुटेस्तोवर रडले. इतकं सोपं होतं ते.